आपला दिवा काय म्हणतो?

दिवाळीच्या अंकात दिव्यांवरच लिहावे, असा काही संपादकांचा आग्रह नसतो. पण लेखकाचा हात आपोआप तिकडे वळतो. पणती, समई, निरांजन, आकाशकंदील या साऱ्यांवर आजवर इतके लिहून झाले आहे, की वातीपेक्षा शाईच अधिक जळाली असावी. म्हणून यंदा या पानावर एका अगदी उपेक्षित दिव्याची बाजू मांडायचे मी ठरवले आहे. या दिव्याला कोणी तेल घालीत नाही, की त्याच्यापुढे कोणी हात जोडीत नाही. तो डोळा मिचकावतो, उघडतो, पुन्हा मिचकावतो आणि काम संपले की मुकाट्याने झोपी जातो. मोटारसायकलच्या कुशीतला, वळण सांगणारा हा नारिंगी दिवा. आपण सारे त्याला इंडिकेटर म्हणतो.

गेल्या दिवाळीपर्यंत माझेही त्याच्याकडे लक्ष नव्हते. आमची मोटारसायकल बारा वर्षांची. वयोमानाप्रमाणे तिच्या कुरबुरी चालू असतात. त्यांतली एक अशी, की मागचे इंडिकेटर वारंवार जात. दिव्याच्या आतली तार केसाएवढी बारीक. नांदेडच्या गल्लीतले चार खड्डे खाल्ले, की ती तुटून लोंबू लागे. शेवटी कंटाळून मी वजिराबादेत सुट्या भागांच्या एका दुकानात गेलो.

दुकानदार म्हणाला, “सर, हे जुने कशाला नेता आता? एलईडी टाका, एकदम झकास.”

त्याने एलईडीचे जे गुण गायिले, त्यांत खोटे काही नव्हते. एलईडीला तार नसते, म्हणून ती धक्क्याने तुटत नाही. जुना बल्ब १० वॉटचा, हा जेमतेम दीड वॉटचा. शिवाय जुन्या बल्बची तार तापून पुरती उजळायला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो, एलईडी त्या मानाने तत्क्षणी पेटतो. एवढ्याशा वेळाचे काय घेऊन बसलात, असे वाटेल. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने मागून येणारे वाहन तेवढ्यात तीन मीटरांहून अधिक पुढे सरकलेले असते. काच नारिंगी असली तरी आतला एलईडीही नारिंगीच घ्या, पांढरा घेतलात तर रंग फिका दिसेल, हेही त्याने आपण होऊन सांगितले. शहाणा माणूस होता. मी मागचे दोन घेतले आणि घरी आलो.

घरी येताना मनातल्या मनात बचतीचा हिशेब चालू होता. मध्यमवर्गीय माणसाला नवी वस्तू घेतल्याचा आनंद ती काटकसरीची आहे असे सिद्ध केल्याशिवाय उपभोगताच येत नाही. एका बाजूचे दोन बल्ब मिळून २० वॉट. अर्धा वेळ ते विझलेले असतात, म्हणजे सरासरी १० वॉट. दिवसाकाठी दहा मिनिटे इंडिकेटर चालला असे धरले, तरी खर्च पावणेदोन वॉट-तासांच्या आतच. चारही दिवे एलईडी केले, तर रोजची बचत दीड वॉट-तासाच्याही आत. स्वयंपाकघरातला ९ वॉटचा दिवा दहा मिनिटे आधी मालवला असता, तरी एवढी वीज वाचली असती! हा हिशेब मी घरात कोणाला सांगितला नाही.

मागचे दोन्ही बल्ब दाबून, फिरवून काढले, त्यांच्या जागी नवे बसवले, किल्ली फिरवली आणि डावा इंडिकेटर लावला. एरवी शांतपणे टिक्... टिक्... करणारे यंत्र सुतारपक्ष्यासारखे टिकटिकटिकटिक करू लागले. मला वाटले, नव्या दिव्याचा नवा उत्साह. पण आमच्या सौ. ओसरीवर करंज्यांना मुरड घालीत बसल्या होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, “अहो, याची नाडी फार जलद चालतेय. ताप तर नाही ना आला?”

घड्याळ लावून मोजले. मिनिटाला दीडशेच्या वर ठोके! बायकोचे निदान बरोबर ठरल्यावर नवऱ्याने जे करायचे असते ते मी केले. काही न बोलता गाडी काढली आणि आमच्या नेहमीच्या उस्तादांकडे गेलो.

उस्तादांनी हात पुसले, एकदा ऐकले आणि म्हणाले, “सर, हे बिघडलं नाही. हे त्याचं काम करायलंय.”

मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून मला माझ्या अज्ञानाची लाज वाटली आणि त्या टिकटिक करणाऱ्या डबीविषयी आदर वाटू लागला. या डबीचे नाव फ्लॅशर. दिवा उघडमीट करवणे हे तिचे काम. फार जुन्या फ्लॅशरांत दोन धातूंची जोडपट्टी असे. दिव्यांकडे जाणाऱ्या विजेने ती तापे, वाके, जोड सुटे आणि दिवा विझे. मग ती निवे, सरळ होई आणि दिवा पुन्हा पेटे. एलईडीची वीज इतकी थोडी, की अशी पट्टी तापतच नाही आणि दिवा न मिचकावता एकटक बघत राहतो. पुढे आलेल्या फ्लॅशरांपैकी पुष्कळ जण मात्र वीज मोजतात. १० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून सुमारे १.६७ अँपिअर वीज घेतात. ही आपल्या गिऱ्हाइकाची नेहमीची भूक त्या फ्लॅशरला पाठ असते. एखाद्या बल्बची तार तुटली, की भूक निम्म्यावर येते. चालवणाऱ्याला आपला मागचा दिवा दिसत नाही, हे ओळखून फ्लॅशर दुप्पट घाईने ठोके देऊ लागतो: बाबा रे, तुझा एक दिवा गेला, उतर आणि बघ!

माझ्या गाडीत दिवा गेला नव्हता. उलट पूर्वीपेक्षा लख्ख जळत होता. पण त्याची भूक अष्टमांश अँपिअरवर आली होती आणि फ्लॅशरच्या हिशेबी जो इतके कमी खातो, तो मेलेलाच. मला यात फ्लॅशरचा दोष दिसेना. वर्गातदेखील जो विद्यार्थी फार प्रश्न विचारीत नाही, पुढे पुढे करीत नाही, तो गैरहजर आहे असे आम्ही प्राध्यापक मंडळी सहज धरून चालतो. आणि परीक्षेत त्याचाच पेपर सर्वांत उजेड पाडून जातो.

“मग याला उपाय?” मी विचारले.

उपाय दोन होते. पहिला असा, की प्रत्येक एलईडीच्या जोडीला एक रोधक, म्हणजे रेझिस्टर, समांतर जोडायचा. जुना बल्ब जी साडेआठ वॉट वीज जास्त खात होता, ती या रेझिस्टरने खायची. बाराचा वर्ग १४४, त्याला साडेआठाने भागले की सुमारे १७. म्हणजे १७ ओहमांच्या आसपासचा रेझिस्टर. तो उजेड देत नाही, नुसता तापतो, इतका की जवळच्या तारेचे वा प्लॅस्टिकचे अंग त्याला लागू देता कामा नये. फ्लॅशरला वाटते, घरात सारे पूर्वीसारखे जेवताहेत, आणि तो स्वस्थ होतो. काटकसरीने वाचवलेले पैसे, घरची ऐपत घटली असे कोणाला वाटू नये म्हणून, चव्हाट्यावर उधळून द्यावेत, तसलाच हा प्रकार! दुसरा उपाय सरळ होता. भूक न बघता ठरल्या वेगाने ठोके देणारा, एलईडीसाठी केलेला फ्लॅशर घ्यायचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या १०२व्या नियमाने इंडिकेटरने मिनिटाला ६०पेक्षा कमी नाही आणि १२०पेक्षा जास्त नाही इतक्या वेळा लुकलुकायचे असते. नवा फ्लॅशर त्या मर्यादेत चालतो.

उस्ताद म्हणाले, “पण सर, हा फ्लॅशर बल्ब गेला तर सांगणार नाही. तुम्हीच बघत जायचं. अन् पुढचे दोन बल्ब पण एलईडी टाकणार असाल, तर टाकल्यावर गाडी एकदा मला दाखवून जा.”

हे शेवटचे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले. पाडव्याच्या दुपारी, जेवण झाल्यावर, वामकुक्षीला फाटा देऊन मी अंगणात बसलो. पुढचे दोन्ही बल्ब बदलले. सीटखालचा जुना फ्लॅशर काढून नवा खोचला. मग सीटवर बसलो, डावा इंडिकेटर लावला आणि घड्याळ बघत कान देऊन मोजले. मिनिटाला ८२! उजवा लावला. पुन्हा ८२. मीटरवरचा इंडिकेटरचा चिमुकला दिवा किंचित मंद वाटला खरा, पण ऐन उन्हात कोणता दिवा मंद दिसत नाही? विजय मिळवलेल्या सेनापतीच्या रुबाबात मी पान्हा खाली ठेवला. खाली उतरून गाडीला एक प्रदक्षिणा घालावी, हे मला सुचले नाही. ठोका बरोबर पडत होता ना, मग झाले!

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ताई लातूरला असते. सकाळीच सौ.ना मागे बसवून, फराळाचा डबा मध्ये घेऊन मी निघालो. लोहा मागे पडले, अहमदपूर मागे पडले. चाकूरला चहा घेतला. वाटेत मी कधी नव्हे इतक्या शिस्तीने इंडिकेटर दिले. ट्रकला ओलांडताना उजवा, पुन्हा आपल्या जागी येताना डावा. तरी मागून येणारे हॉर्न वाजवीतच होते. “लोकांना शिस्त म्हणून नाही,” असे मी मान मागे वळवून सौ.ना दोनतीनदा म्हणालो.

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली नसेल, त्यांना ती शब्दांत दाखवणे कठीण आहे. मध्ये जगदंबेचे देऊळ, भोवती वर्तुळाकार बाजार आणि त्या वर्तुळातून चहूकडे फुटलेले सोळा रस्ते. चौकात शिरलेल्या माणसाच्या मनात काय आहे हे ओळखायला तीन पर्याय असतात, इथे सोळा. त्यात सणाचा दिवस, झेंडूचे ढीग, ओवाळणीच्या साड्या घेणाऱ्यांची गर्दी, रिक्षा, हातगाडे. मी गोलाला वळसा घालून ताईच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्याशी आलो. डावा इंडिकेटर दिला, चांगला चार-पाच ठोके वाजू दिला, आणि वळलो.

डाव्या अंगाने एक सायकल येत होती. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन. माझे पुढचे चाक तिच्या पुढच्या चाकाला लागले आणि सायकल, कॅन आणि सायकलवरचे वृद्ध गृहस्थ, सारेच खाली आले. भाऊबीजेच्या दिवशी तीन घरची बासुंदी रस्त्यावर पसरली. त्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होते.

आता मला कबूल करायला लाज वाटते, पण मी त्यांना उठवायच्या आधी माझ्या तोंडून जे वाक्य निघाले ते असे: “अहो मामा, मी डावा इंडिकेटर दिला होता!”

सौ. तोवर उतरून त्यांच्याजवळ बसल्या होत्या. आपला रुमाल त्या गुडघ्याला बांधीत होत्या. म्हातारबोवांनी माझ्याकडे पाहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “साहेब, उतरून मागं येऊन बघा. चारी दिवे बोलायलेत तुमचे. चारी बोलले, की आम्ही समजतो, माणूस सरळ चाललाय.”

मी उतरलो. मागे गेलो. इंडिकेटर अजून चालूच होता. डावा मिचकावत होता. आणि त्याच्या सुरात सूर मिळवून, इमानेइतबारे, मिनिटाला ८२ वेळा, उजवाही मिचकावत होता. नांदेडपासून लातूरपर्यंत, दर वळणाला, मी जगाला एकाच वेळी दोन्हीकडे वळतो म्हणून सांगत आलो होतो. आणि बेशिस्त लोकांना होती!

डॉक्टरांकडे दोन टाके पडले. हाड शाबूत होते, हे नशीब त्यांचे आणि त्याहून माझे. दुधाचे पैसे त्यांनी घेतले, त्यावर एक रुपया जास्त घेतला नाही. रिक्षात बसताना सौ.ना म्हणाले, “ताई, रुमाल धुऊन पाठवतो.” मी बाजूला उभा होतो. मला काही म्हणाले नाहीत.

ताईकडे गेल्यावर ओवाळणी झाली, पण माझे लक्ष लागेना. दाजी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा वर्ग शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी फराळाची बशी बाजूला सारली, एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर चार गोल काढले आणि मधोमध एक बारीकसा गोल काढला. म्हणाले, “चोर हा आहे. मीटरवरचा चिमुकला.”

प्रकार असा होता. बऱ्याच मोटारसायकलींत मीटरवर डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच दिवा असतो. त्याची एक तार डाव्या बाजूला जोडलेली, दुसरी उजव्या बाजूला. डावा इंडिकेटर लावला, की डावीकडची थोडी वीज या चिमुकल्यातून उजव्या तारेत शिरते आणि उजवीकडच्या मोठ्या बल्बांमधून जमिनीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, मिळते. ते मोठे बल्ब मात्र पेटत नाहीत. थंड तारेचा रोध फार कमी आणि त्यांची भूक फार मोठी. एवढ्याशा विजेने त्यांच्या तारेला ऊबसुद्धा येत नाही. ते नुसती वाट देतात. म्हणजे मोठ्यांचा मोठा खर्च होता तोवर हा शेजारधर्म बिनबोभाट चालला होता. मी मोठ्यांच्या जागी अल्पसंतुष्ट एलईडी आणून बसवले. चिमुकल्यातून झिरपलेली तेवढीशी वीज त्यांना पोटभर झाली आणि उजवीकडचेही आनंदाने पेटू लागले. वाटेत वीज वाटली गेल्यामुळे चिमुकला मंदावला. पाडव्याच्या दुपारी तो मला हेच सांगत होता. मी दोष उन्हाला दिला. पुढचे जुने बल्ब होते तोवर त्यांनी ही वीज वाटेतच जिरवली होती, म्हणून हा दोष पहिल्या दिवशी दिसला नव्हता.

“आणि उपाय?” मी विचारले. आठवड्यात दुसऱ्यांदा.

“दोन डायोड. दोन चहांच्या पैशांत काम.” डायोड म्हणजे विजेचे एकमार्गी दार, जायला वाट, परतायला नाही. डाव्या तारेतून एक, उजव्या तारेतून एक, असे दोन डायोड चिमुकल्याच्या एका टोकाला आणायचे आणि त्याचे दुसरे टोक सरळ सांगाड्याला जोडायचे. मग कोणत्याही बाजूची वीज चिमुकल्यापर्यंत येते, पण पलीकडच्या घरात शिरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी अर्ध्या तासात ते करून दिले. त्यांनी मला सीटवर बसवले आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. “डावा लाव. हं. उजवा लाव. हं. आता खाली ये आणि तू बघ.” निघताना आम्ही दूधवाल्या मामांच्या घरी जाऊन आलो. पाय उशीवर ठेवून ते बसले होते. चार दिवस सायकल बंद, मुलगा रतीब घालत होता.

परतीच्या वाटेवर मला वडिलांची स्कूटर आठवत होती. वडील वळताना हात बाहेर काढीत; आणि आई मागे बसलेली असली, की तीही त्याच बाजूचा हात पदर सावरून लांब करी. आम्हा मुलांना त्याचे हसू येई. मोटारींवर लुकलुकणारे दिवे अमेरिकेत ब्यूक कंपनीने १९३९ सालीच आणले होते, पण आमच्या घरात दिशा दाखवायला पुष्कळ वर्षे आईचा हातच होता. त्या हाताचा गुण एकच, की तो कधी चुकून दोन्हीकडे वळला नाही. हात दाखवणाऱ्याला आपला हात दिसत असे. दिव्याचे तसे नाही. इंडिकेटर हा गाडीवरचा असा दिवा आहे, की जो सर्वस्वी दुसऱ्यासाठी असतो आणि मागचा तर लावणाऱ्याला दिसतही नाही. मी ठोके मोजले, वॉट मोजले, पैसे मोजले. सारे सीटवर बसून मोजले. ज्याच्यासाठी दिवा होता, त्याच्या जागी जाऊन एकदाही उभा राहिलो नाही.

वाचकहो, तुमच्या घरीही या दिवाळीत कोणी हौशी हात गाडीचे दिवे बदलायला सरसावले असतील, तर त्यांना अडवू नका. एलईडी चांगलाच आहे. फक्त रेझिस्टर घेतला तर तो तापतो हे लक्षात ठेवा. फ्लॅशर बदलला तर गेलेला दिवा आता आपल्यालाच शोधायचा आहे हे लक्षात ठेवा. आणि मीटरवर एकच चिमुकला असेल, तर डायोडांवाचून गाडी रस्त्यावर काढू नका. आणि सगळे झाल्यावर किल्ली चालू ठेवून खाली उतरा.

परवा दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, नारळ फोडला. सौ. कुंकवाचे बोट हँडलला लावून मागे जाऊन उभ्या राहिल्या. वर्षभरात आमच्या घरचा तो रिवाजच झाला आहे. मी डावा इंडिकेटर लावला.

“कोणता?” मी विचारले.

“डावा.”

“आणि उजवा?”

“उजवा गप्प आहे,” त्या म्हणाल्या. “चला आता. यंदा भाऊबीजेला त्या मामांकडे फराळाचा डबा द्यायचा आहे. माझा रुमाल त्यांनी इस्त्री करून पाठवला होता.”